कागदांचाही रोजमेळ मांडावा

हळदीचा हंगाम भरात आला की हिंगोलीच्या मोंढ्यात पहाटेपासून वाहनांची रांग लागते. पोती उतरतात, बीट होते, काट्यावर वजन चढते आणि दुपार कलेपर्यंत शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी पडते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की दिवसाचा व्यापार येथे संपला. अडत दुकानातील कामाचा दुसरा भाग मात्र तेव्हाच सुरू होतो. हमाल घरी जातात, शटर अर्धे खाली येते आणि संगणक उघडला जातो. कोणते विवरणपत्र कोणत्या तारखेला भरायचे, कोणत्या परवान्याची मुदत संपत आली, कोणत्या बिलातील क्रमांक चुकला, याचा शोध सुरू होतो. अनेक घरांत हे काम आता मुलगा, मुलगी किंवा सून पाहते. घरी ताट वाढलेले असते आणि इकडे अर्ज पुढे सरकत नसतो.

हे चित्र हिंगोलीचे तसेच वसमत, कळमनुरी आणि सेनगावचेही आहे. त्याविषयीची तक्रार दुकानाच्या ओट्यावर, लग्नकार्यात आणि प्रवासात रोज ऐकू येते. ज्या ठिकाणी ती लिहून पोहोचायला हवी त्या ठिकाणी मात्र ती क्वचितच पोहोचते. या लेखाचा विषय तोच आहे.

कागद व्यापाऱ्याला नवा नाही. निजामी राजवटीत मराठवाड्यातील व्यापाऱ्यांच्या आजोबा-पणजोबांनी करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी पाहिली. तेव्हा सरकारी दप्तराची भाषा उर्दू होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि दप्तराची भाषा व कायदे बदलले. विक्रीकर आला, १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर. प्रत्येक पिढीने आपल्या काळातील कागद शिकून घेतला आणि पेढी चालू ठेवली.

शिवाय कागद हा व्यापाऱ्याचा शत्रू आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. काट्याची पडताळणी होऊन त्यावर मुद्रा उमटते, म्हणून शेतकरी वजनावर विश्वास ठेवतो. हिशोबपट्टी हाती पडते, म्हणून अडत, हमाली आणि तोलाई किती कापली हे त्याला कळते. ज्या समाजाची पत वहीतील नोंदीवर उभी राहिली, त्या समाजाने नोंदीलाच नावे ठेवू नयेत. तक्रार असावी ती एकच माहिती पुनःपुन्हा मागण्याची, उपयोग न होणाऱ्या कागदाची आणि छोट्या दुकानाला मोठ्या कारखान्याचे माप लावण्याची.

एका मध्यम अडत दुकानाची यादी करून पाहावी. बाजार समितीचा परवाना आणि आवक-विक्रीच्या नोंदी, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, आयकर, आणि खरेदी मोठी असल्यास टीडीएस, व्यवसाय कर, दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंद, इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षीची पडताळणी, हळद हा खाद्यपदार्थ असल्याने अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना, माल सांगलीकडे किंवा परराज्यात निघाला की ई-वे बिल. यातील एकेक कागद सुटा पाहिला तर त्यामागे कारण सापडते. परंतु प्रत्येक खाते आपल्यापुरता एकच कागद मागते आणि त्या सर्वांची बेरीज दुकानदाराच्या टेबलावर होते. ही बेरीज कोणत्याही एका खात्याला दिसत नाही. ती दाखविण्याचे काम व्यापाऱ्याशिवाय दुसरे कोणी करू शकत नाही.

या बेरजेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. शंभर माणसांच्या कंपनीत त्यासाठी स्वतंत्र विभाग असतो. दोन माणसांच्या दुकानात विवरणपत्र भरणारा आणि गिऱ्हाईक पाहणारा माणूस एकच असतो. दुकानातील पुढची पिढी आज गादीकडे पाहते तेव्हा तिला व्यापारातील नफा-तोटा दिसतोच, पण वडिलांची रात्रीची जागरणेही दिसतात. गादी सांभाळायची की शहरात नोकरी धरायची, या निर्णयात त्या जागरणांचाही वाटा असतो.

बोलून काही होत नाही, अशी समजूत सर्वत्र आहे. गेल्या काही वर्षांचा इतिहास तिला दुजोरा देत नाही.

वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा नियमित करदात्याला दर महिन्याला तीन टप्प्यांची विवरणपत्रे भरावी लागतील अशी रचना होती. देशभरातील छोट्या व्यापाऱ्यांनी काही आठवड्यांतच अडचणी मांडल्या. ऑक्टोबर २०१७ च्या बैठकीत परिषदेने दीड कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तिमाही विवरणपत्राची सवलत देण्याचे ठरविले. १० नोव्हेंबर २०१७ रोजी गुवाहाटी येथे झालेल्या बैठकीत जीएसटीआर-२ आणि जीएसटीआर-३ ही विवरणपत्रे लांबणीवर पडली, ती पुढे प्रत्यक्षात आलीच नाहीत. विलंब शुल्क दिवसाला २०० रुपये होते. ते ५० रुपयांवर आणि निरंक विवरणपत्रासाठी २० रुपयांवर आले. १ जानेवारी २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीला तिमाही विवरणपत्राचा पर्याय मिळाला.

राज्याच्या पातळीवरही उदाहरणे आहेत. १९४८ च्या दुकाने कायद्याखाली छोट्या दुकानालाही नोंदणी आणि तिचे नूतनीकरण करावे लागे. १९ डिसेंबर २०१७ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीतून मोकळे केले आणि केवळ एक सूचना देणे पुरेसे ठरविले. ई-वे बिलाची सर्वसाधारण मर्यादा ५० हजार रुपये असताना, राज्यांतर्गत वाहतुकीसाठी महाराष्ट्राने १ जुलै २०१८ पासून ती एक लाख रुपये केली. महानगरपालिका क्षेत्रांतील स्थानिक संस्था कराविरुद्ध व्यापाऱ्यांनी २०१३ मध्ये मोठे आंदोलन केले. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांसाठी तो कर बंद झाला.

उद्यम नोंदणीचे उदाहरण तर प्रत्येक बैठकीत सांगण्यासारखे आहे. १ जुलै २०२० पासून सुरू झालेल्या या नोंदणीला शुल्क नाही, कागदपत्रे जोडावी लागत नाहीत आणि उलाढालीचे आकडे शासन आपल्याजवळच्या आयकर व वस्तू-सेवा कराच्या माहितीतून घेते. प्रारंभी किरकोळ व घाऊक व्यापारी तिच्या बाहेर होते. व्यापारी संघटनांनी मागणी लावून धरली आणि २ जुलै २०२१ रोजी, बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरता का होईना, त्यांचा समावेश झाला. शासनाजवळ असलेली माहिती शासनाने पुन्हा विचारू नये, हे तत्त्व एका ठिकाणी चालू शकते तर इतर ठिकाणीही चालू शकेल, असे म्हणण्याचा आधार व्यापाऱ्याला येथे मिळतो.

या सर्व बदलांकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. ‘कागद फार झाले’ असे नुसते म्हटल्याने काही बदलले नाही. अमुक विवरणपत्र, अमुक मर्यादा, अमुक शुल्क असे नेमके बोट ठेवता आले, तेथे बदल झाला.

शासन विचारते तरी केव्हा, हा पुढचा प्रश्न. राजपत्रात मसुदा प्रसिद्ध होतो आणि त्याखाली ‘हरकती व सूचना’ मागविणारी ओळ असते. ती अनेकांच्या नजरेस पडते, पण तिचे कायदेशीर वजन फारसे कोणी ध्यानात घेत नाही. ज्या कायद्यात नियम करण्यापूर्वी मसुदा प्रसिद्ध करण्याची अट असते, तेथे सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २३ प्रमाणे मसुद्यासोबत एक तारीख द्यावी लागते आणि त्या तारखेपूर्वी आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्याव्या लागतात. राज्याच्या कायद्यातही अशीच तरतूद आहे. म्हणजे मुदतीत पोहोचलेले हिंगोलीचे एक पानी पत्र आणि मुंबईच्या मोठ्या संस्थेचे शंभर पानी निवेदन, दोन्ही विचारात घेण्याचे बंधन सारखेच. मुदतीनंतरच्या पत्राला ते संरक्षण नाही.

केंद्राने फेब्रुवारी २०१४ मध्ये असेही धोरण स्वीकारले की कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा आणि आलेल्या अभिप्रायांचा सारांश प्रसिद्ध करावा. या धोरणाचे पालन सर्वत्र होते असे नाही. तरीही जेथे संधी मिळते तेथे ती वाया जाऊ देऊ नये. डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत मांडलेले जनविश्वास विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले होते. २०२३ मध्ये संमत झालेल्या त्या कायद्याने ४२ केंद्रीय कायद्यांतील १८३ तरतुदींखालील फौजदारी शिक्षा हटविल्या किंवा सौम्य केल्या. किरकोळ तांत्रिक चुकीसाठी तुरुंगाची तरतूद असू नये, ही व्यापाऱ्यांची जुनी मागणी काही अंशी तेथे मान्य झाली. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पी भाषणात परवाने, प्रमाणपत्रे आणि परवानग्यांचा आढावा घेण्यासाठी उच्चस्तरीय समितीची घोषणा झाली. दार अधूनमधून उघडते. त्या वेळी हातात लिहिलेला कागद तयार असावा लागतो.

इतर देशांनी या प्रश्नाचा हिशोब कसा मांडला, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १९८० पासून कागदपत्रांचा भार कमी करण्याचा स्वतंत्र कायदा आहे. केंद्रीय खात्याला लोकांकडून माहिती मागवणारा नवा अर्ज काढायचा असेल तर आधी त्याची जाहीर सूचना देऊन अभिप्राय मागवावे लागतात. तो अर्ज भरायला सरासरी किती वेळ लागेल याचा अंदाज द्यावा लागतो आणि अर्जाला मंजुरीचा क्रमांक घ्यावा लागतो. वैध क्रमांक नसलेला अर्ज भरला नाही म्हणून कोणाला दंड करता येत नाही. नेदरलँड्सने याच शतकाच्या आरंभी उद्योगांवरील कागदी भार एक चतुर्थांशाने कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि त्यासाठी एक सोपे सूत्र वापरले: एका कागदाला लागणारा वेळ, त्या वेळेची किंमत, तो वर्षातून किती वेळा भरावा लागतो आणि किती जणांना भरावा लागतो, या सर्वांचा गुणाकार.

हे सूत्र मोंढ्यातील कोणत्याही मुनिमाला समजावून सांगावे लागणार नाही. उदाहरणादाखल असे धरावे की एका मासिक कागदाला पाऊण तास लागतो. वर्षाचे नऊ तास झाले. तासाची किंमत १५० रुपये धरली तर एका दुकानाचे १,३५० रुपये. बाजारपेठेत अशी २०० दुकाने असतील तर १,८०० तास आणि २ लाख ७० हजार रुपये. एका दुकानात किरकोळ वाटणारी गोष्ट एका गावात एवढी होते. हे आकडे कल्पित आहेत. खरे आकडे प्रत्येक दुकानाने स्वतःच मोजायचे आहेत.

त्यासाठी एक साधी वही पुरेशी आहे. रोजमेळात जशी जमा-नावे होते, तशी या वहीत तीन महिने कागदांची नोंद ठेवावी. तारीख, कागदाचे नाव, कोणत्या कायद्याखाली मागितला, किती वेळ लागला, सल्लागाराला किती दिले, आणि यातील कोणती माहिती पूर्वीच दुसऱ्या कोणाला दिली होती, एवढे रकाने असावेत. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे. पुनरावृत्ती कोठे आहे ते त्यातून दिसते, आणि कोणाचेही नुकसान न करता कमी करता येण्यासारखा भार बहुधा तेथेच असतो.

मग पत्र लिहावे. ते एका पानापेक्षा मोठे नसावे. त्यात एकच मुद्दा असावा, कायद्याचे किंवा नियमाचे नाव असावे, मोजलेला वेळ व खर्च असावा आणि पर्याय असावा. उदाहरणार्थ, एखाद्या परवान्याच्या नूतनीकरणाला पत्त्याचा पुरावा, छायाचित्र आणि ओळखपत्र दर वेळी नव्याने मागितले जात असेल, तर माहितीत बदल नसल्यास तसे एका ओळीचे स्वयंघोषणापत्र पुरेसे मानावे, अशी सूचना करता येते. त्यासोबत आणखी एक वाक्य अवश्य असावे: असे केल्याने शासनाच्या कोणत्याही माहितीत किंवा महसुलात घट होणार नाही. ज्या अधिकाऱ्याला निर्णय घ्यायचा असतो, त्याच्या मनातील पहिली शंका तीच असते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. नियमच जाचक असेल तर सूचना करावी. नियम ठीक असून काम रखडले असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चा आधार घ्यावा. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर दोन अपिले आणि त्यानंतर आयोगाकडे जाण्याचा मार्ग त्यात आहे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या दोन तक्रारी एका पत्रात मिसळल्या की दोन्हींचा जोर जातो.

पुष्कळांच्या मनात एक भीती असते की नाव पुढे आले तर उद्या तपासणी दारात येईल. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिच्यावर उपाय मात्र जुना आहे. एकट्याने लिहिण्याऐवजी संघटनेच्या नावाने लिहावे. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना केली. एकट्या व्यापाऱ्याचा आवाज जेथे पोहोचत नाही तेथे संस्थेचा पोहोचतो, ही दृष्टी त्यामागे होती. वहीतील नोंदी दहा दुकानांनी एकत्र केल्या आणि तालुक्याच्या व्यापारी संघटनेने त्या आपल्या पत्रावर पाठवल्या, तर कोणा एकाचे नाव पुढे येत नाही आणि आकड्यांना वजन येते. कर सल्लागार आणि सनदी लेखापाल यांनाही त्यात घ्यावे. कोणता कागद कोठे अडतो हे त्यांना सर्वांत चांगले माहीत असते. संघटनेने एका तरुण सदस्यावर राजपत्र आणि खात्यांच्या सूचना दर आठवड्याला पाहण्याचे काम सोपवले तर मुदत टळून गेल्यावर जागे होण्याची वेळ येणार नाही.

दोन पथ्ये पाळावीत. नियम बदलेपर्यंत तो नियमच आहे. सूचना पाठवली म्हणून विवरणपत्र थांबवता येत नाही. आणि सूचनेत आकडा फुगवू नये. पाऊण तासाच्या कामाला तीन तास लिहिले, तर तपासणारा एकदा ते पाहील आणि पुढच्या खऱ्या आकड्यावरही विश्वास ठेवणार नाही. वजनात जो खरेपणा पाळायचा तोच येथेही पाळावा.

प्रत्येक सूचना मान्य होईल असे नाही. काही पत्रांना पोचही येणार नाही. तरीही मसुद्यावर विचार करणाऱ्याच्या समोर जेव्हा फक्त मोठ्या शहरांतील मोठ्या संस्थांची निवेदने असतात, तेव्हा नियम त्यांच्याच सोयीचा होतो. हिंगोलीच्या हळद बाजारातील दोन माणसांचे दुकान कसे चालते हे मंत्रालयाला पाचशे किलोमीटरवरून दिसत नाही. ते कोणीतरी लिहून सांगावे लागते.

दिवाळीला घरोघरी वहीपूजन होते. नव्या वह्यांवर कुंकू लागते आणि पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिले जाते. यंदा त्या वह्यांच्या शेजारी एक पातळ वही आणखी ठेवावी आणि तिच्यावर ‘कागदांचा रोजमेळ’ असे लिहावे. तीन महिन्यांनी ती उघडून घरातील तरुणांसह बसावे आणि एक पत्र तयार करावे. वडिलांनी तक्रार करण्याऐवजी हिशोब मांडला, हे मुलांनी पाहिले तर गादीविषयी त्यांच्या मनात असलेल्या शंकांपैकी एखादी तरी कमी होईल.